टीचरची पार्श्वभूमी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास आमच्या शेजारची टीचर छत्री झाडत सोप्यावर आली आणि पिशवीतून एक कागद काढून तिने माझ्यापुढे धरला. ‘मास्तर, हांगा कितें बरोवचें?’

तिला सगळा गाव टीचर म्हणतो, पण शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव कधी नव्हते. पोट भरले ते शिवणयंत्रावर. मात्र गेली चाळीसेक वर्षे रविवारची मीस आटोपली, की इगर्जीच्या मागच्या खोलीत ती मुलांना दोतोर्न शिकवते. दोतोर्न म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. कोमुन्यांवच्या पांढऱ्या फ्रॉकातल्या किती पोरी तिच्या हाताखालून गेल्या, याचा हिशेब तिने ठेवलेला नाही. ह्या कामाचे तिला कोणी पैसे दिले नाहीत, आणि तिनेही मागितले नाहीत.

कागद होता एका अर्जाचा. परदेशी गेलेल्या गोवेकरांच्या मुलांना इंटरनेटवरून धर्मशिक्षण देण्याचा उपक्रम कुणीतरी सुरू केला होता. मुले कुवेतची, बहारीनची, इंग्लंडातल्या स्विंडनची. टीचरच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने तिचे नाव सुचवले होते. अर्जात नाव, वय, पदव्या, प्रमाणपत्रे असे रकाने, आणि शेवटी एक मोठा रकाना: ‘आपली पार्श्वभूमी, शंभर शब्दांत’.

‘म्हजो बापूय पोदेर. आवयक बरोवंक-वाचूंक येनाशिल्लें. तें बरोवचें?’

आता माझी पंचाईत झाली. चार पुस्तके लिहिलेला माणूस मी, पण शंभर शब्दांत हिची पार्श्वभूमी लिहायची म्हणजे काय लिहायचे? पहाटे तीनला भट्टी पेटवणारा बाप लिहायचा, की अक्षरओळख नसताना सगळी तेर्स आणि लादाईन तोंडपाठ म्हणणारी आई? मी शहाणपणा केला आणि हे दोन्ही गाळले. ‘शिक्षण दहावी, अनुभव चाळीस वर्षे’ असे चार कोरडे शब्द लिहून दिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले, की आपली पात्रता अपुरी आहे, आधी दूरशिक्षणाने एक प्रमाणपत्र-अभ्यासक्रम पुरा करावा आणि मग पुन्हा अर्ज करावा. ‘सर्टिफिकेट ना जाल्यार शिकोवंक मेळना?’ एवढेच ती म्हणाली आणि उठून गेली.

मला राग आला, हे कबूल करतो. पण राग ओसरल्यावर वाटले, की प्रश्न त्या अर्ज छापणाऱ्यांनाही खरोखरच पडलेला असणार. समोर न दिसणाऱ्या मुलाला न दिसणारी बाई धर्म शिकवणार. ती कोण, कुठली, कशी जगली, हे कुणी आणि कसे तपासायचे? गणित शिकवणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. बीजगणित चोख येणारा मास्तर घरी कसा वागतो याच्याशी समीकरणाला देणेघेणे नसते. धर्माचे तसे नाही. (आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? कीर्तनकार बुवांचा आवाज कितीही गोड असो, बुवा उसने घेतलेले पैसे बुडवतात असे कळले की निरूपण कानात शिरत नाही.)

कॅथलिक धर्मसभेने हे फार नेमके मांडून ठेवलेले आहे. कॅनन लॉ म्हणतात तो चर्चचा कायदा १९८३ साली नव्याने लागू झाला. त्याच्या ८०४ व्या कलमात, शाळांतून धर्म शिकवणाऱ्या शिक्षकात कोणते गुण असावेत याची काळजी बिशपाने वाहावी, असे म्हटले आहे. गुण तीन आहेत. सिद्धांताचे ज्ञान बिनचूक हवे, जगण्यातून ख्रिस्ती जीवनाची साक्ष मिळायला हवी, आणि शिकवण्याची हातोटी हवी. पहिला आणि तिसरा गुण परीक्षा घेऊन मोजता येतो. दुसरा कसा मोजणार?

जवळच्या शिकवण्यात तो गाव मोजत असे. १५४२ साली गोव्यात आलेला फ्रान्सिस शेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने मुलांना दोतोर्नीला बोलावत फिरे. घंटा वाजवणारा माणूस कुठे राहतो, काय खातो, इस्पितळात कुणाच्या उशाशी बसतो, हे पोरांना दिसत होते. पुढे इगर्जीच्या आश्रयाने पारोकियल शाळा निघाल्या आणि तिथे मेस्त आला. हा मेस्त पाद्री नव्हे, बायकापोरांचा संसारी माणूस. प्रार्थना शिकवायचा तोच, सोल्फा शिकवायचा तोच, कोयरात व्हायोलीन वाजवायचा तोच. आपल्या हिंदी सिनेमाला ज्यांनी वाद्यवृंद दिला त्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील माजोर्ड्याच्या इगर्जीत मेस्त होते. मेस्ताची पार्श्वभूमी विचारायला अर्ज लागत नसे. त्याची काठी, त्याची चिडचिड, उरलेल्या वेळात तो पाहत असलेले शेत, सगळे पोरांना ठाऊक. कुठे तो पितो हेही ठाऊक. साक्ष कमी पडली तर तीही उघड्यावर पडत असे.

मग माणसे दूर गेली. मुंबईला, कराचीला, पूर्व आफ्रिकेला, बोटीवर. आता त्यांच्या पोरांना कोण शिकवणार? गोवेकरांनी ह्याचे जे उत्तर काढले त्याला मी आपल्याकडचे पहिले दूरशिक्षण म्हणतो. १९१५ साली कराचीत पाद्री व्हिन्सेंट लोबो यांनी ‘दोर म्हयन्याची रोटी’ हे कोंकणी मासिक काढले. महिन्याची भाकरी! नावातच सगळा अभ्यासक्रम आला. पोस्टाने येणाऱ्या त्या पानांवर घरापासून दूर असलेली माणसे आपला धर्म राखत होती. पुढे हे मासिक गोव्यात आले. आणि मुंबईच्या कुडींत, म्हणजे गावागावच्या त्या क्लबांत, संध्याकाळी तेर्स म्हणण्याचा नेम असे. ती सांगायचा कोण? बोटीची वाट पाहत ट्रंकेवर बसलेला एखादा वयस्कर तारवटी. त्याची पार्श्वभूमी काय, तर वीस वर्षे इंजिनरूममध्ये कोळसा ओढला.

जगात इतरत्रही हेच घडत होते आणि त्याचा इतिहास मला फार वाचनीय वाटतो, म्हणून थोडे रेंगाळतो. अमेरिकेत पोस्टाने धर्मशिक्षण देण्याची कल्पना शहरातल्या मोठ्या सेमिनारीत जन्मली नाही. माँटाना हे डोंगर आणि कुरणांचे राज्य, जिथे एका शेतापासून दुसरे शेत कोसांवर. तिथल्या हेलेना धर्मप्रांतात मोन्सिन्योर व्हिक्टर डे यांनी १९२० च्या दशकात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. ही कल्पना उचलून देशभर नेली ती एडविन ओहारा यांनी. हा ओहारा कोण? मिनेसोटातल्या आयरिश शेतकऱ्याचा मुलगा. पाद्री झाल्यावर ऑरेगनमध्ये गिरण्या-दुकानांत राबणाऱ्या बायकांना किमान वेतन मिळावे म्हणून तो झगडला. त्यासाठीच्या सरकारी आयोगाचा तो अध्यक्ष होता आणि मालकांनी केलेला खटला त्याच्याच नावाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९१७ सालापर्यंत चालला. नंतर त्याने शहर सोडून खेड्यातले काम मागून घेतले आणि १९२३ साली ग्रामीण कॅथलिकांची राष्ट्रीय परिषद उभी केली. शेतावरच्या पोराला रविवारी इगर्ज का गाठता येत नाही, हे ज्याने बापाच्या शेतात पाहिले होते त्यालाच पाकिटातून धडा पाठवायचे सुचले, याचे मला नवल वाटत नाही.

ऑस्ट्रेलियात पर्थचे आयरिश पाद्री जॉन मॅकमहन यांनी त्याच दशकात झुडपी मुलखातल्या मुलांसाठी टपालाचे धडे आणि सुटीतल्या धर्मशाळा सुरू केल्या. टास्मानियाची कथा तर आणखी जिवाला लागणारी आहे. १९३३ साली ब्रूनी बेटावर एका बाईने तरुण पाद्री जॉन वॉलिस यांना विचारले, की आडरानात राहणाऱ्या आमची कुणाला काही पडली आहे का? तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. १९४४ साली त्यांनी माद्रींचा एक नवा संघ स्थापन केला. ह्या माद्री कॉन्व्हेंटच्या भिंतीआड राहणार नव्हत्या. गाडीला कारवान जोडून त्या रानोमाळ फिरत, घरोघरी जात आणि उरलेल्या काळात टपालाने धडे पाठवत. धडा पाठवणारी माद्री वर्षातून एकदा तरी दारात येऊन चहा पिऊन गेलेली असे. मुलाला पाकिटावरचे अक्षर आणि तो चेहरा जोडता येत असे.

आणि ह्या सगळ्यांत एक शिक्षिका अशी आहे, जिचे नाव कुठल्याच यादीत नाही. आई. टपालाने आलेला धडा आठ वर्षांचा पोर आपणहून सोडवत नाही. कंदिलाच्या उजेडात, पीठ मळता मळता, आईच त्याला प्रश्न वाचून दाखवते आणि नीट न कळलेले उत्तर आपल्या शब्दांत सांगते. दूरशिक्षण म्हणतात, पण शेवटचा हातभर प्रवास जवळचेच कुणी करत होते.

पुढे मोठ्यांसाठीही हा मार्ग खुला झाला. अमेरिकेत आर्लिंग्टनचे बिशप थॉमस वेल्श यांनी १९८३ साली घरबसल्या धर्म शिकवणारी संस्था काढली, तिचेच पुढे कॅथलिक दूरशिक्षण विद्यापीठ झाले. डेटन विद्यापीठाने इंटरनेटवर जे धर्मशिक्षकांचे वर्ग बांधले त्यांत विद्यार्थ्यांचे छोटे गट आणि प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक अशी रचना ठेवली. हे मला पटते. हजार लोकांना एक भाषण ऐकवणे ह्याला मी शिकवणे म्हणत नाही, मग भाषण कितीही विद्वत्तेचे असो. पण इथूनच शिक्षकाची ओळख बदलू लागली असे माझे मत आहे. संगणकाच्या पडद्यावर शिक्षकाच्या नावापुढे छोटा फोटो आणि खाली त्याच्या पदव्या. धर्मशास्त्रातली अमुक पदवी, तमुक विद्यापीठ, इतकी वर्षे. शेतकऱ्याचा मुलगा, किमान वेतनासाठी लढलेला, हे त्या चार ओळींत बसत नाही. कायद्यातले पहिले आणि तिसरे कलम भरले, दुसरे रिकामे राहिले.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही पदव्यांच्या विरुद्ध आहात. मुळीच नाही. अर्धवट ज्ञानाने धर्म शिकवणाऱ्यांनी काय काय उत्पात केले आहेत ते सगळ्याच धर्मांत आपण पाहतो. टीचरनेही पोरांना काही गोष्टी अशा सांगितल्या असतील, की एखाद्या शिकलेल्या पाद्र्याने कपाळाला हात लावावा. तिने अभ्यास करावा, जरूर करावा. माझे म्हणणे एवढेच, की अर्जातला तो मोठा रकाना पदव्यांसाठी नव्हता आणि तरी तो पदव्यांनीच भरावा अशी सगळ्यांची समजूत झाली आहे. माझीसुद्धा. मीच तर बापाची भट्टी गाळली!

‘पार्श्वभूमी’ ह्या शब्दाला आज आणखी एक अर्थ चिकटला आहे, तो टाळून चालणार नाही. अमेरिकेतल्या बिशपांनी २००२ साली डॅलस इथे मुलांच्या संरक्षणाची सनद केली. त्यानंतर तिथे मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची, पगारी असो की फुकट राबणारा, पार्श्वभूमी तपासली जाते. ही तपासणी पोलिसी अर्थाने, आणि ती व्हायलाच हवी. मी मघाशी म्हटले, की गाव साक्ष मोजत असे. पण गावाने पुष्कळदा पाहूनही न पाहिल्यासारखे केले, हेही खरे. पाद्री आहे, मास्तर आहे, बुवा आहे म्हणून तोंडे मिटली गेली. तेव्हा ‘आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात’ ह्या भोळ्या गर्वावर मीही विसंबून राहणार नाही. ओळख आणि तपासणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही लागतात. आता तपासणी होते आणि ओळख होतच नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले तेव्हा ह्याची परीक्षाच झाली. इगर्जी बंद, देवळे बंद. त्या चतुर्थीला आमच्याकडे भटजी मोबाइलवरून मंत्र सांगत होते आणि माझा नातू फोन गणपतीकडे धरून उभा होता. टीचरने त्या काळात काय केले? तिच्याकडे साधा फोन. भाच्याने जुना स्मार्टफोन दिला. रविवारी सकाळी ती आपला आवाज भरून व्हॉट्सॲपवर पाठवू लागली, पाच-पाच मिनिटांचे तुकडे. मागे कोंबडा आरवतोय, कुकरची शिटी होतेय. पोरांना ते फार आवडे, कारण ती शिटी त्यांच्या ओळखीची होती. गोव्यातली किती मुले त्या वर्षी रेंजसाठी डोंगरावर चढून बसत होती ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. त्यांच्या कानात येणारा आवाज कुणाचा आहे हे त्यांना ठाऊक होते म्हणून तो आवाज पोचला, असे मी समजतो. त्याच वर्षी जूनमध्ये रोमहून धर्मशिक्षणाची नवी मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली, तीत डिजिटल जगाचा मोठा विचार आहे. १० मे २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचे काम ही चर्चमधली एक रीतसर सेवा म्हणून प्रस्थापित केली, आणि ती सामान्य प्रापंचिक स्त्रीपुरुषांसाठी. शिलाई करणाऱ्या बाईचे काम सेवा म्हणून गणले गेले याचा मला आनंद झाला. टीचरला सांगितले तर ती म्हणाली, बरे झाले, पण खोलीचे छप्पर गळते ते कोण दुरुस्त करणार?

महामारी गेली, पण सवय राहिली. परदेशातल्या आईबापांना रविवारी पोराला घेऊन दूर जाण्यापेक्षा घरीच संगणकापुढे बसवणे सोपे वाटते. त्यांना मी दोष देत नाही, दोन-दोन पाळ्यांत राबणारी माणसे ती. पण शेवटचा हातभर प्रवास करणारी ती टास्मानियातली आई मात्र आता दिसत नाही. पोर कानाला यंत्र लावून एकटे बसते. म्हणून पडद्यावरच्या शिक्षकावर सगळा भार येतो आणि म्हणूनच तो कोण आहे हे मुलाला कळणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे आहे.

स्विंडनचे नाव अर्जात वाचले तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली होती. स्विंडन विल्टशर परगण्यात आहे. त्याच परगण्यातल्या बुश्टन गावचा एक मुलगा १५७९ साली गोव्यात उतरला. कॅथलिक असणे इंग्लंडात संशयाचे झाले होते तो काळ. इथून त्याने बापाला लिहिलेले पत्र इंग्रजांच्या प्रवासवर्णनांत प्रसिद्ध आहे. साष्टीत राहून तो आपली भाषा शिकला, ओवी शिकला, आणि १६१६ साली राशोलला त्याचे क्रिस्तपुराण छापून निघाले. फादर थॉमस स्टीफन्स. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत घोकल्या. त्याच्या मागे मंगळूरकडल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते पुराण पिढ्यानपिढ्या जपले, स्टीफन्सला कधी न पाहिलेल्या माणसांनी. परक्या मुलखातून आलेला हा माणूस इथल्यांचा झाला तो पदवीने नव्हे. त्याची ओवी वाचताना कळते, की हा माणूस इथल्या अंगणात बसून पुराण ऐकत आलेला आहे. ओवीच त्याची पार्श्वभूमी सांगते. आता चारशे वर्षांनी आमच्या गावची पोरे त्याच्या परगण्यात राहतात आणि त्यांना शिकवायला इथून कुणीतरी हवे आहे.

माझ्या मते अशा प्रत्येक वर्गाचा पहिला धडा शिक्षकाने स्वतःबद्दल बोलण्याचा असावा. पदव्या एका ओळीत संपवाव्यात. मी कुणाचा, काय काम करून जगलो, पहिली प्रार्थना मला कुणी शिकवली, माझा विश्वास कधी डळमळला, एवढे पंधरा मिनिटांत सांगावे. मुलांनी हवे ते विचारावे. आणि वर्षातून एकदा तरी शिक्षकाने मुलांना भेटावे. गावी सुटीवर आलेली पोरे टीचरच्या घरी जाऊन खोबऱ्याची कापे खाऊन आली तरी चालेल. यात खर्च काही नाही, फक्त अर्ज छापणाऱ्यांना थोडे अवघडल्यासारखे होईल.

असो. टीचरचे काय झाले ते राहिलेच. ती रुसून बसली नाही. सदुसष्टाव्या वर्षी तिने तो प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम घेतला आहे. धडे इंग्रजीतून येतात, अडले की माझ्याकडे येते, मीही त्यामुळे बरेच शिकतो आहे. तिची शिक्षिका तिसऱ्याच कुठल्या देशात असते. फोटो टपालाच्या तिकिटाएवढा, खाली दोन पदव्या. चौथा धडा मरणाबद्दलचा होता. आजारी माणसाच्या शेवटच्या रात्री त्याच्यापाशी कसे बसावे, काय बोलावे, काय मुळीच बोलू नये. तो मी तिला वाचून दाखवला आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून एक ओळ लिहून पाठवली, की बाई, तुम्ही आधी काय करत होता?

आठ दिवसांनी उत्तर आले. सव्वीस वर्षे परिचारिका होते, बहुतेक रातपाळी.

टीचरने ते दोनदा वाचायला लावले. ‘आतां समजलें,’ ती म्हणाली. ‘म्हणून ती मरणाविशीं इतलें बरें बरयता.’